वर्खाचं टेबल

भिंगरीची वाटी वेगळी ठेवायला लागल्यापासून त्या घरात भांड्यांचा आवाज वाढला होता. एरवी थोरली सून भांडी अशी लावायची की शेजारच्या खोलीत पत्ता लागू नये. आता निळ्या कडेची ती वाटी, ताट आणि पेला उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काढताना एकमेकांवर आपटत. थोरलीला ते हवंच असावं. त्या आवाजात तिनं नाक ओढलेलं कुणाला ऐकू येत नसे.

भिंगरी तशी धाकट्या जावेची पोर, पण वाढली थोरलीच्या कडेवर. सहा वर्षांची झाली तरी न्हायला घालायला तिला 'मोठी आई'च लागायची. मानेवरची सुपारीएवढी गाठ पहिल्यांदा लागली तीही थोरलीच्याच बोटांना, डोक्याला साबण चोळताना. दवाखान्यात सुई घालून तपासलं, तर क्षय निघाला. तेव्हापासून थोरलीनं पोरीला हात लावला नव्हता. तिच्या स्वतःच्या पोटात इतक्या वर्षांनी बाळ होतं, आणि ते हलायला लागलं होतं.

भिंगरी आता आईबरोबर माळ्यावरच्या खोलीत राहत होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थोरली ताट ठेवायची आणि मागं सरायची. वरून एक हात यायचा, ताट जायचं, आणि आवाज यायचा, "मोठी आई, आज तू हसली नाहीस."

दवाखान्यातली नर्स घरी येऊन सगळं नीट समजावून गेली होती. पोरीच्या गाठीतून कुणाला काही लागत नाही. भांडी वेगळी करू नका, हा रोग श्वासातून पसरतो, खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून. लहान पोराला तो बहुतेक वेळा घरातूनच मिळतो. मग तिनं विचारलं होतं, "घरात बरेच दिवस कुणाला खोकला?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अगदी मनापासून 'नाही' म्हटलं. तिनं सगळ्यांना तपासणीला बोलावलं. दोघं भाऊ आणि दोघी जावा जाऊन आले, चौघांतही काही निघालं नाही. सासऱ्यांचं, आबांचं, तेवढं राहिलं. आरशाच्या मोठ्या चौकटीवर सोन्याखालचा लाल मातीचा लेप चढला होता आणि लेप चढल्यावर आबा जागचे हलत नसत. "खिडक्या उघड्या ठेवा," असंही नर्स जाताना म्हणाली होती. भांड्यांचं थोरलीला पटलं नाही. खिडक्यांचं तर कुणाच्या कानातच शिरलं नाही, कारण ज्या घरात चौकटींना सोन्याचा वर्ख लावतात त्या घरात खिडकी उघडत नाहीत.

समोरची मोठी खोली हाच कारखाना. तिच्या तिन्ही खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, वर्षानुवर्षं एकावर एक. थोरला लाकूड कापायचा आणि चौकट सांधायचा, पण ते मागच्या अंगणात. धाकटा सरस आणि खडूची पुटं चढवून ती घासायचा. सोनं मात्र आबा. दुपारी जेवणं झाली की सगळे समोरच्या खोलीत येत. कुणी अकीकाच्या दगडानं झळाळी काढी, कुणी कडा पुसे, आणि टेबलाच्या टोकाला, आबांच्या उजव्या हाताशी, छोट्या स्टुलावर भिंगरी बसे. जी पोर घरभर गरगर फिरायची ती तिथं मात्र बाहुलीसारखी बसायची, कारण तिला काम होतं. वर्ख उचलायचा तर खारीच्या केसांच्या पसरट कुंचल्याला तेलाचा नुसता भास लागतो. जुने कारागीर कुंचला स्वतःच्या गालावर फिरवतात. आबांचा गाल आता कोरडा पडला होता. ते वाकून कुंचला भिंगरीच्या गालावर फिरवायचे आणि म्हणायचे, "या गालाएवढं वर्खाला काही मानवत नाही."

त्या दुपारी स्टूल रिकामं होतं. टेबलाभोवती पाच माणसं होती आणि मधोमध चामड्याच्या गादीवर आबांनी एक वर्ख सोडला. मधोमध हलकी फुंकर घालून सपाट केला.

"बोला," ते म्हणाले.

घरातला वाद याच टेबलावर मिटवायचा, ही पद्धत आबांच्या वडिलांनी घातली. त्यांच्या दोन मुलांनी एकदा एकमेकांवर लाकडी हातोडे उगारले होते, तेव्हापासून. वर्ख गादीवर ठेवायचा आणि बोलायचं. ज्याच्या आवाजानं वर्ख उडेल तो हरला, मग समोरच्याचं ऐकायचं. आबांचे धाकटे भाऊ इथंच हरले आणि घर सोडून गेले. तर या घरात माणसं जितकी रागावत तितकी हळू बोलत. नव्यानं आलेल्या सुनेला पहिली काही वर्षं कळत नसे की घरात भांडण चाललंय की कुणी झोपलंय.

थोरल्याला हे कधीच जमलं नाही. त्याचा गळाच मोठा. तो तळहात तोंडासमोर धरून बोलायला लागला.

"मी कुणाला घालवून देत नाहीये. पण हिला दिवस गेलेत. पोरीचं औषध तिच्या आईच्या माहेरच्या दवाखान्यातही मिळेल. बाळ झालं, जरा मोठं झालं, की परत या. एवढंच."

"दादा, तू चौकट ठोकताना 'एवढंच' म्हणतोस," धाकटा म्हणाला, "आणि लाकूड दुभंगतं."

"वर्खाकडं बघून बोल."

"बघतोय. तो माझ्यापेक्षा शांत आहे."

थोरल्याला हसू आलं आणि त्यानं ते घाईनं गिळलं. लहानपणी दोघं या टेबलाशी बसत तेव्हा धाकटा मुद्दाम असं काहीतरी बोलायचा आणि थोरला हसून हरायचा. आज त्याला हरायचं नव्हतं. रात्र रात्र बायको छताकडे बघत पडलेली असते, हे या पोराला काय सांगणार, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच दुसरंही आलं, की त्याचीही बायको तशीच पडत असेल, वर, पोरीच्या शेजारी.

धाकटीनं हात मांडीवर ठेवले होते. ती इतकं हळू बोलली की थोरलीला पुढं वाकावं लागलं.

"माझे मामा छातीच्या आजारानं गेले, हे लग्न ठरताना मीच सांगितलं होतं. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आता रोज कुणीतरी मामांची आठवण काढतं. जिवंत होते तेव्हा एवढी विचारपूस झाली असती तर सुखावले असते."

"मी काही तुझ्या मामांचं नाव काढलं नाही," थोरली म्हणाली.

"नाही ताई. तुम्ही एवढंच विचारलंत, की ते आमच्याकडे राहायला होते का."

"विचारलं. मग?"

"मग काही नाही. नव्हते."

वर्खाची एक कड किंचित उचलली आणि पुन्हा बसली. सगळे थांबले. आबांनी डोळ्यांनीच चालू द्या म्हटलं.

"मी जाते," धाकटी म्हणाली. "पण मला एक सांगा. बाळ झालं की ते अगदी लहान असेल. मग रांगायला लागेल, सगळं तोंडात घालेल. मग त्याला दात येतील. मला परत बोलावायचा दिवस तुम्हाला कधी सापडेल? आणि भिंगरी एकदा या कारणानं या दारातून बाहेर गेली, की तिला जन्मभर वाटत राहील, आपण काहीतरी केलं म्हणून घालवलं. आताच विचारते, मोठी आई माझ्यावर रुसली का."

थोरलीनं खाली पाहिलं. टेबलाच्या कडेला जुन्या सोन्याचा एक ठिपका होता, तो ती नखानं खरवडू लागली.

"ती गेली तर मीही जाणार," धाकटा म्हणाला. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

"आणि आरशाची चौकट?" थोरला.

"चौकट तुझी, सोनं आबांचं. मी आपला खडू घासणारा. खडू कुठंही घासता येतो."

आबांनी मान वर केली. थोरलीनं त्यांचा चेहरा पाहिला. गेलेल्या भावाचं नाव या घरात निघालं की त्यांचा चेहरा असा व्हायचा. तिच्या पोटात बाळ हललं. तिला हे नको होतं. तिला रोग जायला हवा होता, माणसं नव्हेत. ही दोन्ही वेगवेगळी कशी करायची ते तिला कळत नव्हतं आणि म्हणून ती भांडी उकळत होती.

"मीच जाते," ती म्हणाली. "भावाकडे. हे सगळे राहू देत."

थोरल्याचा हात तोंडासमोरून खाली आला. पण त्याच्या आधी धाकटीच बोलली.

"तुमच्या त्या भावाकडे? मागं तिथं आठ दिवस राहून आलात तर हात सोलले होते तुमचे. या अवस्थेत तुम्ही तिथं साऱ्या घराचं रांधणार आणि मी इथं आरामात वर बसणार? काही नको."

"मग काय करू सांग ना."

"मला तरी काय माहीत ताई."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. थोड्या वेळापूर्वी त्या टेबलाच्या दोन बाजूंना होत्या. आता पुरुष एका बाजूला आणि त्या दुसऱ्या, असं काहीसं झालं होतं आणि दोन्ही भावांना ते कळलं होतं.

तेवढ्यात आबा खोकले. नेहमीसारखे, डावीकडे तोंड फिरवून, कोपरात. दोन आखूड, एक लांब, मग घसा साफ केल्याचा आवाज. गादीवरचा वर्ख आधी हलला नाही. मग सावकाश उठला, हवेत उभा राहिला, आणि तरंगत जाऊन भिंगरीच्या रिकाम्या स्टुलावर बसला.

थोरल्यानं सवयीनं दुसरा वर्ख काढायला हात पुढं केला.

आणि माळ्यावरून खोकला आला. दोन आखूड, एक लांब.

धाकटी ताडकन उठली. खुर्ची मागं कलंडली. "खोकतेय ती. तिला खोकला लागला."

"अगं बस," धाकट्यानं तिचा हात धरला. "नक्कल करतेय. खाली आवाज आला की वरून उत्तर देते. रोजचा खेळ आहे तो त्यांचा."

"कशाची नक्कल?"

"आबांची."

"आबांची कशाची?"

धाकटा हसत होता. हसता हसता थांबला.

धाकटी उभीच होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्याच पहाटे या आवाजानं दचकून जागी झाली होती. नवऱ्यानं तेव्हा झोपेतच सांगितलं होतं, आबा उठले, चहाची वेळ झाली. मग तिलाही तो आवाज म्हणजे चहाची वेळ वाटू लागला. जिन्यावर आला की आबा येताहेत, अंगणात आला की आबा कुणावर तरी रागावलेत. मागच्या हिवाळ्यापासून तो वाढला होता, पण घरातलं घड्याळ मोठ्यानं वाजायला लागलं तर कोण लक्ष देतं. तिला नर्सचा प्रश्न आठवला आणि आपण किती खात्रीनं मान हलवली तेही.

"भाऊजी," ती थोरल्याला म्हणाली, "आत्ता वर्ख उडाला, तेव्हा कोण खोकलं?"

थोरल्यानं इकडेतिकडे पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"कोण? कुणी नाही. आबा होते."

बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू गेलं. त्यानं पुन्हा तळहात तोंडासमोर नेला.

"खडूचा आहे तो," तो म्हणाला. "या धंद्यात सगळ्यांनाच असतो. आजोबांनाही होता."

"होता," आबा म्हणाले. "आणि तुझे आजोबा कशानं गेले?"

"वयानं."

"झिजून गेले. आजच्या माझ्याएवढेसुद्धा नव्हते तेव्हा. आणि माझी बहीण त्यांच्याही आधी. ती त्यांच्या शेजारी याच स्टुलावर बसायची."

आबा स्टुलावरच्या वर्खाकडे बघत होते. जन्मभर त्यांनी एकाच गोष्टीचा विचार केला होता, की बंद खोलीत श्वास कुठं जातो. दोन्ही पोरांना त्यांनीच शिकवलं होतं, तोंड फिरवलं म्हणजे श्वास संपत नाही, तो भिंतीला लागतो आणि परत येतो, म्हणून खोकल्यावर थांबा, मग वर्ख उचला. हे त्यांना माहीत होतं. सोन्याच्या बाबतीत माहीत होतं. आणि दर दुपारी ते वाकत होते, पोरीच्या गालाशी तोंड नेत होते, कुंचला फिरवत होते. ती श्वास रोखून बसायची, कारण आबांनी तसं सांगितलं होतं. पण सहा वर्षांचं पोर किती वेळ श्वास रोखेल.

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"वर्ख माझ्या श्वासानं उडाला," ते म्हणाले. "मी हरलो. आता तुमचं ऐकायचं. उद्या सकाळी मला नर्सबाईंकडे कोण नेतंय?"

"मी नेते," धाकटी म्हणाली.

"आबा, अजून काही ठरलं नाही," थोरला म्हणाला. "कदाचित नसेलही."

"नसलं तर परत येऊन तुम्हाला सगळ्यांना ओरडेन. खिडकी उघड."

"चौकटीवर अर्धं सोनं चढलंय. लेप वाळला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"करू. उघड म्हणतो ना."

पट्ट्या इतक्या जुन्या होत्या की खिडकी हलेना. थोरल्यानं खांदा लावला. आबा उठले, वर्ख कापायची बिनधारेची लांब सुरी घेतली आणि फटीतून वरून खाली ओढली. सुरी कधी असल्या कामाला लागली नव्हती. कागदाच्या थरांचा भुगा पडला, त्यात त्यांच्या वडिलांनी चिकटवलेले थरही असतील. मग कडाड आवाज झाला आणि झडप उघडली. रस्त्यावरचा सगळा गलबला एकदम आत आला, सायकलची घंटा, कुणीतरी कुणाला हाक मारतंय. टेबलावरची वर्खाची वही फडफडली. पानामागून पान सुटून सोनं खोलीभर झालं, छताला लागलं, थोरल्याच्या भुवईला चिकटलं. धाकट्यानं एक पकडायला हात केला आणि सोडून दिला. पकडल्यावर बोटांत काही उरत नाही, हे त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

"आता मोठ्यानं बोलायला हरकत नाही," आबा म्हणाले.

धाकट्यानं उरलेल्या दोन खिडक्यांवरच्या पट्ट्या सोलायला घेतल्या.

थोरलीलाही हाताला काहीतरी काम हवं होतं. टेबलावर आबांचा चहाचा कप होता. तिनं तो पदरानं धरून उचलला आणि निळ्या कडेच्या भांड्यांकडे निघाली. स्वयंपाकघराच्या दारात धाकटी आडवी आली. तिनं कप काढून घेतला, सगळ्यांच्या कपांबरोबर साध्या पाण्यात विसळला आणि पुसून सगळ्यांच्याच फळीवर उपडा घातला.

"कपात नसतं ताई. नर्स सांगून गेली होती. आपण अर्धंच ऐकलं."

"मी मेली महिनाभर पोरीची वाटी उकळतेय," थोरली म्हणाली, आणि तिला रडू आलं. "तिला हात लावला नाही गं मी. इथं खाली सगळे त्याच खोलीत बसत होतो, आणि तिला वर टाकलं."

"वर हवा तरी होती तिला. दोन खिडक्या आहेत."

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"हो. पण दोन खिडक्या खरंच आहेत."

थोरली रडता रडता हसली. मग निळ्या कडेची वाटी, ताट आणि पेला घेऊन तिनं स्वतःच फळीवर लावले. अजिबात आवाज न करता.

मग घरातून कुणी जायचं ते ठरवावं लागलंच नाही. दोन खिडक्यांची खोली आबांना हवी होती, औषध लागू पडेपर्यंत, आणि भिंगरीला खाली मोठ्या आईपाशी. आबांनी पंचा घडी करून नाकातोंडावर बांधला, उशी काखेत घेतली आणि कुंचला हातात. भिंगरी आपली बाहुली घेऊन उतरत होती. जिन्याच्या मधोमध दोघं समोरासमोर आले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या कुंचल्याकडे पाहिलं, आणि सवयीनं श्वास रोखून गाल पुढं केला.

आबा वाकले नाहीत. भिंतीला पाठ लावून त्यांनी तिला वाट दिली आणि हात लांब करून कुंचला तिच्या मुठीत ठेवला.

"तुझा तूच फिरव आता," पंचाआडून ते म्हणाले. "मी वरून बघेन."

"तुम्हाला पण गाठ आली?"

"मला आत आली असेल. उद्या कळेल."

"औषधानं लघवी लाल होते," भिंगरी म्हणाली. "घाबरू नका."

"बरं झालं सांगितलंस."

ती खाली उतरली तेव्हा शेवटच्या पायरीशी थोरली उभी होती. तिनं पोरीला उचललं, पोटाच्या एका बाजूला घेतलं आणि तिच्या मानेवरच्या गाठीवर हलकेच बोट ठेवलं. "जरा लहान झालीय गं," ती धाकटीला म्हणाली.

संध्याकाळी समोरच्या खोलीत तिन्ही खिडक्या उघड्या होत्या. धाकटा जमिनीवरची सोन्याची धूळ ब्रशनं गोळा करत होता, थोरला अर्धवट चौकटीसमोर हात बांधून उभा होता. एकाएकी माळ्यावरून आवाज आला. दोन आखूड, एक लांब.

सगळ्यांनी माना वर केल्या. या आधी कुणी कधी केल्या नव्हत्या.

"आबा खोकले," थोरली म्हणाली.

भिंगरीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तिचा विचार बदलला. ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि त्या खोलीत कुणीच कधी बोललं नव्हतं एवढ्या मोठ्यानं ओरडली, "आबा, ऐकू आलं."